सकाळचा व्यायामगट: जमवायचा कसा, टिकवायचा कसा

जिमचे वर्षाचे पैसे जानेवारीत भरायचे आणि होळीनंतर तिकडे फिरकायचं नाही, हा उद्योग मी तीनदा केला आहे. चौथ्या वर्षी पैसे वाचले ते खालच्या मजल्यावरच्या एका निवृत्त गृहस्थांमुळे. जिन्यात भेटले आणि म्हणाले, "उद्या सहाला तळजाईच्या टेकडीवर चाललोय. गेटपाशी थांबतो, या." बाहेर अंधारात एक माणूस आपल्यासाठी उभा आहे हे एकदा डोक्यात शिरलं की पांघरूण सोडावंच लागतं. त्या 'थांबतो'ला आता आठ वर्षं झाली. दोघांचे चोवीस झालो, आणि मधल्या काळात गट दोनदा मोडून पुन्हा जमला.

तो का मोडला, याचा आम्ही नंतर टपरीवर भरपूर कीस पाडला. दोन्ही वेळा उत्तर एकच निघालं: माणसं यायची थांबली आणि त्यांना कुणी विचारलं नाही. म्हणून पुढच्या मजकुरात जोर-बैठकांपेक्षा विचारपूस जास्त आहे. व्यायाम कसा करावा हे सांगणारे पुष्कळ आहेत.

आधी तिघं जमवा

सोसायटीच्या ग्रुपवर "कोणाकोणाला इंटरेस्ट आहे?" असं विचारू नका. चाळीस अंगठे येतात आणि सकाळी तुम्ही एकटेच उभे असता. तीन माणसं शोधा, तुम्ही धरून. दोघांचा गट एकाच्या सर्दीवर बंद पडतो. तिघांत एक गळला तरी दोघं उरतात, आणि दोघं उरली की सकाळ पार पडते.

विचारायचं ते समोरासमोर, आणि वेळ-जागा सांगून. "आपण व्यायाम सुरू करायला पाहिजे" यावर सगळे मान डोलावतात, कारण त्यात उद्या काहीच करायचं नसतं. "मंगळवारी सव्वासहाला मारुतीच्या देवळापाशी ये, मी असेन" याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. नाही आलं तर वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या माणसाकडे जा. निवडताना फिटनेस बघू नका, घर किती लांब आहे ते बघा. दहा मिनिटांपेक्षा जास्त अंतरावरचा उत्साही मित्र महिनाभर येतो. समोरच्या इमारतीतला आळशी शेजारी वर्षानुवर्षं येतो.

लहान सुरुवातीची लाज बाळगण्याचं कारण नाही. लंडनच्या बुशी पार्कमध्ये 2 ऑक्टोबर 2004 ला पॉल सिंटन-ह्युइट यांनी पाच किलोमीटरची मोफत धाव ठेवली तेव्हा धावायला तेराजण होते. त्यांना स्वतःला दुखापतीमुळे पळता येत नव्हतं. पळणाऱ्या मित्रांची संगत सुटू नये आणि नंतर कॉफीला बसता यावं, एवढीच इच्छा होती. तीच 'पार्करन' आज कितीतरी देशांत दर शनिवारी भरते.

जागा आणि वेळ

सुंदर जागा शोधण्यात वेळ घालवू नका. हवं ते इतकंच: उजेड, बऱ्यापैकी सपाट जमीन, एखादा कट्टा, आणि जवळ स्वच्छतागृह. शेवटची गोष्ट पुरुषांच्या लक्षात येत नाही. आमच्या गटातून पहिल्या वर्षी तीन बायका काही न बोलता गळल्या, तेव्हा कारण हेच होतं, आणि ते कळायला आम्हाला सहा महिने लागले. कुत्र्यांचा त्रास किती, रिक्षा मिळते का, आडबाजूची वाट टाळता येते का, हेही त्यांनाच विचारा. आपण परस्पर ठरवू नये.

वेळ एकदा ठरली की हलवायची नाही. पुण्यात जूनमध्ये सहाच्या आत उजाडलेलं असतं, जानेवारीत सूर्य वर यायला सात वाजून जातात. म्हणून उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन वेळा ठेवा आणि बदलाचा दिवस आधीच ठरवून टाका. आम्ही तो दिवाळीनंतरचा पहिला सोमवार धरतो. "उद्या साडेसहाला भेटू का, मला जरा काम आहे" ही विनंती कितीही गोड आवाजात आली तरी मान्य करू नका. एकासाठी वेळ हलली की दुसऱ्या दिवशी तिघांना दोन वेगवेगळ्या वेळा लक्षात असतात.

पन्नास मिनिटांत काय करायचं

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल सुचवते, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. पासष्टीच्या पुढच्यांसाठी त्यात तोल सांभाळण्याचे प्रकारही येतात, आठवड्यातून तीन दिवस. तीन दिवस पन्नास मिनिटं म्हणजे दीडशे. सोमवार, बुधवार, शुक्रवार धरा. बाकीच्या दिवशी ज्याला यायचं तो येईल. रोज ठेवलंत तर महिन्याभरात येणाऱ्यांना न येणाऱ्यांचा राग यायला लागतो.

पहिली दहा मिनिटं रमतगमत चालणं आणि सांधे मोकळे करणं. उशिरा येणारे यात सामावून जातात, बोलणी खात नाहीत. मग पंचवीस मिनिटं चालणं किंवा पळणं, दहा मिनिटं ताकदीचे प्रकार, पाच मिनिटं अंग सैल सोडणं. मध्यम दमणं म्हणजे किती, याचं सोपं माप म्हणजे बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये. आमच्यातल्या एका काकांना गाताही येत होतं, आणि ते ऐकावं लागत होतं. त्यांचा वेग वाढवला.

आता सगळ्यात उपयोगाची युक्ती. गटात कुणी सहा मिनिटांत किलोमीटर पळतो, कुणी चौदा मिनिटांत चालतो. दोघांना एकच अंतर दिलं की पुढचा कंटाळतो, मागचा ओशाळतो, आणि ओशाळलेला माणूस चौथ्या आठवड्यात गुडघेदुखी काढतो. अंतर ठरवूच नका, वेळ ठरवा. सगळ्यांनी एका दिशेने बारा मिनिटं जायचं, शिट्टी वाजली की जिथे असाल तिथून वळायचं. आता मागचे पुढे झाले आणि पळणारे मागे. आपापला वेग साधारण राखला तर सगळे एकाच सुमाराला गेटपाशी पोहोचतात. लांब गेलेल्याला शिट्टी ऐकू येत नाही, तेव्हा घड्याळावर गजर लावा.  एकानं मात्र रोज सगळ्यात शेवटी चालायचं. पाळी लावून हे काम द्यावं, तगड्यांनाही द्यावं. आम्ही त्याला 'शेपूट' म्हणतो. शेपूट परत आल्याशिवाय चहा सांगायचा नाही.

ताकदीसाठी सूर्यनमस्कार घ्या. साधन लागत नाही, आणि मराठी घरात त्याची शिकवणूक लागतेच असं नाही. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते शाळाशाळांत नेले, त्या पिढीचे आजी-आजोबा अजून आकडे मोठ्यानं म्हणतात. तीच पद्धत ठेवा: एकानं आकडा म्हणायचा, सगळ्यांनी एका लयीत. एका लयीचा परिणाम खरोखर होतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बारा वल्हेकऱ्यांवर एक प्रयोग झाला होता. तितकाच सराव एकट्यानं केल्यावर आणि सगळ्यांनी मिळून केल्यावर, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून कळ किती सोसते ते बघितलं. मिळून वल्हवल्यावर सोसण्याची ताकद जास्त निघाली. बारा जणांचा प्रयोग लहानच, पण तालमीत आकडे मोजत बैठका मारलेल्या कुणालाही हे नवल वाटणार नाही.

ज्यांना वाकता येत नाही त्यांनी भिंतीला टेकून जोर काढायचे, कट्ट्यावरून उठबस करायची, एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं, पण आकडा सगळ्यांबरोबर म्हणायचा. वेगळ्या कोपऱ्यात पाठवलेला माणूस वेगळाच होतो.

जोड्या लावताना थोडा विचार करा. 1920 च्या दशकात ओटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं बर्लिनच्या वल्हेकऱ्यांना वजन धरून हात मुडपायला लावले, आधी एकट्यानं, मग जोडीनं. जोडीतला एक थकून थांबला की दोघांचं संपलं, अशी अट. कमकुवत माणूस जोडीत जास्त टिकला, आणि सगळ्यात जास्त टिकला तो दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असताना. फरक नसेल तर जोर लागत नाही, फारच असेल तर माणूस आधीच हात टेकतो. म्हणून पैलवानाला नवशिक्याशी जोडू नका. दोन पायऱ्या पुढचा माणूस द्या. आणि दर महिन्याला जोड्या बदला, नाहीतर दोन-दोन जणांचे बारा गट तयार होतात.

हजेरीची वही

हे वाचून कुणी हसेल, पण आमचा गट तिसऱ्यांदा जमला आणि टिकला तो एका शाळकरी वहीमुळे. डावीकडे नावं, वर तारखा, आलेल्यापुढे टिंब. वही दर महिन्याला वेगळ्या माणसाकडे. गैरहजेरीचा दंड नाही, पहिला नंबर नाही. वहीचं काम एकच: कोण दोनदा लागोपाठ दिसला नाही हे कळणं.

दोनदा दिसला नाही की त्याच्या जोडीदारानं फोन करायचा. ग्रुपवर लिहायचं नाही. "अमुक साहेब कुठे गायब?" असं चारचौघांत टाकलं की उत्तर म्हणून दात काढणारा चेहरा येतो आणि माणूस कायमचा जातो. फोनवरही "का आला नाहीस?" नको. त्यात हजेरीमास्तर ऐकू येतो. "काल तुझ्या जागी मला शेपूट व्हावं लागलं, बरा आहेस ना?" एवढं पुरतं. त्यानं कारण सांगितलं तर ऐकायचं, नाही सांगितलं तर खोदायचं नाही. शेवटी "शुक्रवारी मी तुझ्या गेटवरून येतो" म्हणायचं आणि खरंच जायचं.

पहिल्यांदा गट मोडला तेव्हा एक गृहस्थ यायचे बंद झाले होते. पाय दुखत असेल, असं आम्ही परस्पर ठरवलं. चार महिन्यांनी कळलं की घरी बायकोचं मोठं आजारपण चाललं होतं, आणि पहाटेची ती पन्नास मिनिटं सोडली तर ते दिवसभर कुणाशी बोलतच नव्हते. तीही सुटली होती. त्यांचं घर आमच्यातल्या दोघांच्या वाटेवर होतं. आज वहीत त्यांचं नाव पहिलं आहे, कारण वही त्यांनीच आणली.

लांबच्या गैरहजेरीसाठी एक सोय ठेवा. बाळंतपण, ऑपरेशन, बदली, मुलांची दहावी-बारावी यात नावापुढे टिंबाऐवजी 'रजा' लिहायचं. नाव खोडायचं नाही. परत येणाऱ्याला पुन्हा प्रवेश मागावा लागू नये, आणि आल्या दिवशी "बापरे, कित्ती दिवसांनी!" असा गलका करू नये. नेहमीसारखं "चला" म्हणावं.

चहा हा व्यायामाचाच भाग

पन्नास मिनिटांनंतरची पंधरा मिनिटं वेळापत्रकात धरा. ओळखी टपरीवरच होतात. व्यायाम करताना कुणाच्या मुलाला नोकरी लागली हे समजत नाही. कोल्हापुरात तालीम म्हणजे निव्वळ आखाडा कधीच नव्हता. तिथे गल्लीचा गणपती, फुटबॉलचा संघ आणि लग्नकार्यातली धावपळ सगळं एका छपराखाली चालतं. मातीत घाम गाळून झाल्यावर बाहेरच्या कट्ट्यावर बसणं हे तिथे वाया घालवलेल्या वेळात मोजत नाहीत.

पैशाचं मात्र सुरुवातीलाच ठरवा. एकच उदार माणूस रोज पैसे देत राहिला तर ज्याला परवडत नाही तो चहाच्या आधी सटकायला लागतो. आम्ही महिन्याला सारखी, अगदी कमी वर्गणी काढतो. तीही ज्याला जमत नसेल त्यानं खजिनदाराच्या कानात सांगायचं, विषय तिथे संपला. वाढदिवसाला वडापाव आणायची प्रथा पडली होती. चोवीस माणसांचे चोवीस वाढदिवस, शिवाय लग्नांचे. ती प्रथा आम्ही महिन्यातून एका दिवसावर आणली आणि तरीही वजनं वाढलीच.

काय बोलायचं नाही

नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर एकानं चालायचं. त्याला सगळ्यांची ओळख एकदम करून देऊ नका, चोवीस नावं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. दोन नावं आणि चहाची टपरी एवढंच कळू द्या.

अंगावर शेरे बंद, हा आमचा एकमेव लेखी नियम आहे. "पोट बघ केवढं सुटलंय" आपल्याकडे आपुलकीनं म्हणतात, आणि "बारीक झालास रे, बरा आहेस ना?" काळजीनं. दोन्ही ऐकणाऱ्याला दिवसभर टोचतं. वजनाऐवजी केलेलं काम बोला: "गेल्या महिन्यात या चढावर थांबायचास, आज थांबला नाहीस." बायकांना न विचारता व्यायाम शिकवायला जाणाऱ्या काकांना एकदा बाजूला घेऊन सांगावं लागतं. सांगा. ते काम गटातल्या दुसऱ्या काकांनी करावं, त्या बाईंवर टाकू नये.

हाक कशी मारायची, हा प्रश्नही लहान नाही. आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेले साहेब आणि त्यांच्याच इमारतीचे वॉचमन एकाच रांगेत नमस्कार घालतात. सुरुवातीला एक 'साहेब' आणि दुसरा 'ए' होता. आता वयानं मोठे ते काका आणि मावशी, बाकीचे नावानं. यासाठी ठराव वगैरे केला नाही. साहेबांनी स्वतःच एके दिवशी वॉचमनना 'काका' म्हटलं, कारण ते त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे निघाले.

व्हॉट्सअ‍ॅपचे दोन ग्रुप करा. एकावर फक्त वेळ, जागा, पाऊस. दुसऱ्यावर सुप्रभात, फुलं आणि आयुर्वेद. पहिला सगळ्यांना सक्तीचा, दुसरा ज्याच्या त्याच्या सहनशक्तीवर.

दुखणं-खुपणं

संगत जोर देते तशीच नको तिथे ढकलतेही. "चल रे, अजून एक फेरी" म्हणणाऱ्यानं समोरच्याचा चेहरा बघावा. चाळिशीपुढचे, मधुमेही, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेले, यांनी सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलून यावं. प्रत्येकाच्या घरचा एक नंबर वहीच्या शेवटच्या पानावर असावा. खिशात ग्लुकोज किंवा गुळाचा खडा ठेवावा: मधुमेह्याला अचानक थरथर, घाम, गोंधळल्यासारखं झालं आणि तो शुद्धीवर असेल तर लगेच गोड द्यायचं. छातीत दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम असं दिसलं तर "अ‍ॅसिडिटी असेल" म्हणत चालवत नेऊ नका. बसवा, 108 ला फोन लावा. छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याचं प्रशिक्षण गटातल्या निदान चौघांनी घ्यावं. चौघं का, तर रोज त्यातले दोन तरी हजर असतात.

पावसाळा

आमचा गट दुसऱ्यांदा मोडला तो जुलैत. आज पाऊस आहे, उद्याही आहे, आणि नागपंचमी उजाडेपर्यंत कुणी उठत नव्हतं. तेव्हापासून मे महिन्यातच छपराची जागा ठरवून ठेवतो: इमारतीखालचं पार्किंग, देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा. परवानगी आधी घ्या, पादत्राणांचं विचारून घ्या, मोठ्यानं आकडे म्हणणार हेही सांगून ठेवा. वर झोपलेली माणसं असतात. पार्किंगमध्ये नमस्कार, दोरीवरच्या उड्या, जिने चढणं, एवढ्यावर दोन महिने निघतात.

आणि पावसाळ्याच्या शेवटाला एखादी तारीख टांगून ठेवा. आम्ही सप्टेंबरात सगळे मिळून सिंहगड चढतो, अतकरवाडीच्या वाटेनं. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. गोविंदा पथकांचं बघा, गुरुपौर्णिमेला सराव सुरू होतो आणि दहीहंडीची तारीख पंचांगातच असते. खालच्या थरातल्या माणसाला कंटाळा आला म्हणून रजा घेता येत नाही, कारण वर माणसं उभी असतात. तुमच्या गडावर जाताना सगळ्यात हळू चालणाऱ्याला वाटाड्या करा. तो पुढे असला की कुणी मागे राहत नाही.

भांडणं

होणारच. राजकारण, पैसे, कोण नेता, कोणी कोणाला नमस्कार केला नाही. राजकारणावर आमची बंदी आहे आणि ती निवडणुकीच्या काळात रोज मोडते. बाकीच्या तक्रारींसाठी आम्ही पद्धत उचलली ती वारीतून. माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरती होते. चोपदारानं चोप उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, म्हणणं ऐकतात, निवाडा होतो, हरवल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात, आणि आरती होते. तक्रार असणाऱ्याला ओरडावं लागत नाही, आणि ती ऐकल्याशिवाय कुणी जेवायला जात नाही.

आमच्याकडे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी चहा संपल्यावर ज्याची कुरकुर असेल त्यानं रिकामा ग्लास उपडा ठेवायचा. उपडा ग्लास दिसला की बाकीचे बसून राहतात. बहुतेक वेळा तक्रार पाच मिनिटांची असते: शिट्टी उशिरा वाजते, अमुकजण फार मोठ्यानं फोनवर बोलतात. एकदा ती माझ्याबद्दल होती. सगळं मीच ठरवतो, असं एका मावशींचं म्हणणं पडलं. खरं होतं. त्या दिवसापासून शिट्टीही वहीबरोबर महिन्याला फिरते.

पंचवीसच्या पुढे आकडा गेला की गट फोडा. त्यापुढे नावं विसरली जातात, दोनदा न आलेला माणूस नजरेतून सुटतो आणि टपरीवाला वैतागतो. फोडताना जुने एकीकडे, नवे दुसरीकडे असं करू नका. दोन जुन्या जोड्या नव्या गटात पाठवा आणि गडाची सहल दोघांची एकच ठेवा. आमचे चोवीस झालेत, पुढच्या सोमवारी दोघं नवे येणार आहेत. मावशींनी दुसरी वही आणून ठेवली आहे. शिट्टी आणायची माझ्याकडे आहे.